शौर्याची मुदत : गार्लिन कॉनर आणि एका पदकाची बावीस वर्षे

शौर्य आणि शौर्याची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाङ्मयाच्या अभ्यासकांना निराळे सांगावे लागू नये. गावाच्या वेशीवर किंवा एखाद्या जुन्या शिवालयाच्या आवारात उभा असलेला वीरगळ आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. खालच्या चौकटीत लढून पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावरच्या चौकटीत शिवपिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेक वीरगळांवर एकही अक्षर कोरलेले नसते. तो कोण, कोणाशी लढला, कोणत्या साली पडला, याचा पत्ता लागत नाही. चंद्रसूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहील, एवढीच काय ती ग्वाही.

आधुनिक राष्ट्राच्या लष्कराची रीत नेमकी उलटी आहे. तेथे वीराचे नाव, हुद्दा, पलटण, स्थळ, तारीख, साक्षीदार असे सर्व काही असते. मात्र चंद्रसूर्यांच्या जागी मुदत असते. अमुक वर्षांच्या आत शिफारस झाली पाहिजे, तमुक वर्षांच्या आत पदक दिले गेले पाहिजे. ती वेळ टळली की पराक्रम खरा असूनही कालबाह्य ठरतो. या मुदतीशी एका आजारी, अबोल शेतकऱ्यासाठी बावीस वर्षे जो झगडा चालला, त्याची हकीकत आम्ही येथे मांडू इच्छितो. हा शेतकरी अमेरिकेतील केंटकी राज्याच्या क्लिंटन परगण्यातला. नाव गार्लिन मर्ल कॉनर.

१९४५ च्या जानेवारीत फ्रान्सच्या आल्सास प्रांतात, कोलमार शहराच्या परिसरात, जर्मन सैन्य ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेस अजून पाय रोवून होते. गोठलेल्या जंगलांतून आणि बर्फाने झाकलेल्या शेतांतून अमेरिकेची तिसरी पायदळ डिव्हिजन हा तळ मोडून काढण्यासाठी पुढे सरकत होती. या डिव्हिजनच्या सातव्या रेजिमेंटमधील तिसऱ्या बटालियनचे गुप्तवार्ता अधिकारी म्हणून कॉनर काम पाहत होते. वय २५, अंगकाठी किरकोळ. १९४१ मध्ये साधे शिपाई म्हणून भरती झालेल्या या माणसाला १९४४ मध्ये रणांगणावरच अधिकारपद मिळाले होते. उत्तर आफ्रिका, सिसिली, अँझिओ, दक्षिण फ्रान्स अशी मजल दरमजल करीत २८ महिने ते आघाडीवर होते. कमरेची जखम भरलेली नसतानाही इस्पितळातून गुपचूप निघून ते आपल्या तुकडीत परतले होते.

२४ जानेवारी १९४५ रोजी हूसन या गावाजवळ सहा रणगाडे आणि सुमारे सहाशे जर्मन सैनिक या बटालियनवर चालून आले. त्यांना थोपवू शकेल असा एकच उपाय हाती होता, तो म्हणजे तोफखाना; पण गोळे नेमके कोठे टाकायचे हे सांगणारा कोणीतरी पुढे जाऊन बसायला हवा होता. कॉनर यांनी टेलिफोनच्या तारेचे रीळ उचलले आणि फुटत्या गोळ्यांमधून सुमारे ४०० यार्ड अंतर धावत पार केले. आपल्या सर्वांत पुढच्या ठाण्याच्याही ३० यार्ड पुढे, जेमतेम अंग झाकेल अशा एका उथळ चरात ते आडवे झाले. तेथून तीन तास ते तोफखान्याला टेलिफोनवरून दिशा देत राहिले. शत्रूची लाट त्यांच्यापासून पाच यार्डांवर येऊन ठेपली, तेव्हा त्यांनी आपण आहोत त्याच जागेवर मारा करण्यास सांगितले. गोळे त्यांच्या आसपास पडले, हल्ला मोडला, आणि कॉनर जिवंत राहिले. जर्मनांचे सुमारे ५० सैनिक ठार व १५० जखमी झाल्याचा अंदाज पुढे कागदोपत्री नोंदला गेला.

या कामगिरीबद्दल १९४५ च्या फेब्रुवारीत त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ मिळाला. अमेरिकी लष्कराच्या उतरंडीत हे दुसऱ्या क्रमांकाचे शौर्यपदक होय. त्याच्या वर एकच पदक, ‘मेडल ऑफ ऑनर’. चार ‘सिल्व्हर स्टार’ आणि जखमांबद्दलची तीन ‘पर्पल हार्ट’ही कॉनर यांच्या नावावर होती.

येथे एक तुलना टाळता येत नाही. या प्रसंगानंतर दोनच दिवसांनी, २६ जानेवारीला, तेथून काही किलोमीटरवर होल्ट्झविर गावाजवळ त्याच डिव्हिजनच्या दुसऱ्या रेजिमेंटमधील एका तरुण अधिकाऱ्याने जळत्या रणगाडाविरोधी वाहनावर चढून मशीनगन चालवली आणि टेलिफोनवरून तोफखान्याला दिशा देत सुमारे तासभर शत्रूला रोखून धरले. हा अधिकारी म्हणजे ऑडी मर्फी. त्यांना मेडल ऑफ ऑनर मिळाले. पुढे त्यांचे युद्धानुभवांचे पुस्तक १९४९ मध्ये निघाले, त्यावर १९५५ मध्ये चित्रपट आला, त्यात मर्फी यांनीच मर्फींची भूमिका केली आणि सगळा देश त्यांना ओळखू लागला. मर्फींच्या पराक्रमाला तिळमात्र उणेपणा आणण्याचा आमचा हेतू नाही. तीच डिव्हिजन, तोच आठवडा, तोच टेलिफोन, तोच एकटेपणा. आणि तरीही एक नाव घराघरांत पोचले, दुसरे एका परगण्याबाहेर गेले नाही, एवढेच लक्षात आणून द्यायचे आहे. पराक्रमाचा दर्जा आणि त्याच्या कीर्तीचा दर्जा यांचे नाते आपण समजतो तितके सरळ नसते.

कॉनर गावी परतले तेव्हा १९४५ च्या मे महिन्यात ऑल्बनी या परगण्याच्या ठाण्यात त्यांची मिरवणूक निघाली. स्वागताचे भाषण करायला शेजारच्या टेनेसी राज्यातून सार्जंट ॲल्विन यॉर्क आले होते. पहिल्या महायुद्धातले हे अमेरिकेचे सर्वांत गाजलेले शिपाई. योगायोग असा की यॉर्क यांनाही आधी डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉसच मिळाला होता. प्रसंगाची अधिक चौकशी झाल्यावर १९१९ मध्ये त्याच्या जागी मेडल ऑफ ऑनर देण्यात आले. ज्यांच्या पदकाची श्रेणी वाढली असा माणूस व्यासपीठावर बोलत होता, आणि ज्यांच्या पदकाची श्रेणी वाढायला आणखी ७३ वर्षे लागणार होती ते समोर उभे होते. यॉर्क यांच्या बाबतीत चौकशी काही महिन्यांत झाली, कारण साक्षीदार हाताशी होते, अधिकारी उत्सुक होते आणि वार्ताहर मागे लागले होते. कॉनर यांच्या बाबतीत यातले काहीच नव्हते.

त्याच वर्षी पॉलिन वेल्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि दोघे ३६ एकरांच्या शेतीवर राबू लागले. शेतकऱ्यांच्या स्थानिक संघटनेचे अध्यक्षपद कॉनर यांनी १७ वर्षे सांभाळले. युद्धाविषयी ते बोलत नसत. रात्रीची स्वप्ने मात्र त्यांना सोडत नव्हती. या काळातली एक गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. युद्धात अपंग झालेल्या इतर सैनिकांना निवृत्तिवेतन मिळावे म्हणून हे पतिपत्नी विनामोबदला खटपट करीत. अर्ज कसा करायचा, कोणता कागद जोडायचा, कोणाला पत्र लिहायचे, हे सारे त्यांनी दुसऱ्यांसाठी वर्षानुवर्षे केले. स्वतःच्या पदकांसाठी त्यांनी एकही अर्ज केला नाही.

मग १९९६ साल उजाडले. रिचर्ड चिल्टन नावाचे विस्कॉन्सिन राज्यातले एक निवृत्त सैनिक अँझिओच्या लढाईत मारल्या गेलेल्या आपल्या एका आप्ताची माहिती गोळा करीत होते. तो आप्त कॉनर यांच्या बरोबर होता असे कळल्यावर ते केंटकीला गेले. समोर आले ते कंपवाताने ग्रासलेले, जवळजवळ बोलणे थांबलेले ७७ वर्षांचे वृद्ध. त्यांच्याकडून काही ऐकायला मिळणे शक्य नव्हते. पॉलिनबाईंनी मग घरात ठेवलेले जुने कागद आणि पदके पाहुण्यांपुढे मांडली. स्वतः सैन्यात काढलेल्या माणसाला ते कागद वाचता येत होते. त्यांना त्यात जे दिसले ते शेजाऱ्यांना पन्नास वर्षांत दिसले नव्हते. आप्ताची माहिती शोधायला आलेले चिल्टन एका नव्याच कामाला लागले : कॉनर यांचे पदक वरच्या श्रेणीत नेण्याच्या.

असा अर्ज ज्या कार्यालयाकडे करायचा त्याच्या नावातच सारे मर्म आहे. ‘लष्करी नोंदींच्या दुरुस्तीचे मंडळ’, असा त्याचा अर्थ होतो. हे मंडळ शौर्य तपासत नाही, शौर्याची नोंद तपासते. नोंदीत चूक किंवा अन्याय झाला आहे हे अर्जदाराने सिद्ध करायचे, आणि त्यासाठी मूळ निर्णय घेणाऱ्यांपुढे नव्हता असा पुरावा आणायचा. १९९७ मध्ये मंडळाने कॉनर यांचा अर्ज फेटाळला. तेव्हा ते हयात होते. पुढच्याच वर्षी, १९९८ च्या नोव्हेंबरात, ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्यांच्यासाठी धाव घेतली ते गेले. आता अर्ज राहिला आणि अर्जामागे पॉलिनबाई राहिल्या.

लष्कराला येथे खलनायक ठरवणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य होणार नाही. ही काटेकोर व्यवस्था का जन्मली याला इतिहास आहे. मेडल ऑफ ऑनर अमेरिकी यादवी युद्धात, १८६१–६२ मध्ये सुरू झाले. तेव्हा दुसरे कोणतेच शौर्यपदक नव्हते, त्यामुळे ते सढळ हाताने वाटले गेले. मेन राज्याच्या २७ व्या रेजिमेंटची मुदत संपत आली असता राजधानीच्या रक्षणासाठी काही दिवस अधिक थांबणाऱ्यांना पदक देण्याचे वचन १८६३ मध्ये दिले गेले. थांबले सुमारे तीनशे, पदके मात्र सबंध रेजिमेंटच्या नावे म्हणजे ८६४ निघाली. या अनागोंदीवर उपाय म्हणून निवृत्त सेनापतींचे एक मंडळ नेमण्यात आले आणि १९१७ मध्ये त्याने ९११ नावे यादीतून वगळली. त्यात डॉ. मेरी वॉकर यांचेही नाव होते. यादवी युद्धात शल्यचिकित्सक म्हणून काम केलेल्या आणि शत्रूच्या कैदेत राहिलेल्या या बाईंनी पदक परत करण्यास नकार दिला आणि १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते छातीवर मिरवले. त्यांचे नाव यादीत परत यायला १९७७ साल उजाडावे लागले. या शुद्धीकरणानंतर १९१८ मध्ये पदकांची उतरंड कायद्याने आखली गेली, खालच्या श्रेणीची नवी पदके निघाली, आणि शिफारस दोन वर्षांत व पदक तीन वर्षांत अशी मुदत घातली गेली. सैलपणाने जे पदक स्वस्त झाले होते ते मुदतीने महाग केले. कॉनर यांच्या अर्जाला आड येणारी भिंत ही मेन राज्याच्या त्या ८६४ पदकांनी बांधलेली होती, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

कायद्याने बांधलेल्या भिंतीला कायद्यानेच एक दार ठेवले. १९९६ मध्ये काँग्रेसने अशी तरतूद केली की काँग्रेसच्या सदस्यामार्फत आलेल्या जुन्या प्रकरणांचा मुदत टळली असली तरी लष्कराने विचार करावा. याच सुमारास दुसऱ्या एका प्रश्नाने जोर धरला होता. दुसऱ्या महायुद्धात लाखो कृष्णवर्णीय सैनिक लढले, पण युद्ध संपेपर्यंत आणि त्यानंतरही त्यांच्यापैकी एकालाही मेडल ऑफ ऑनर मिळाले नव्हते. लष्कराने १९९३ मध्ये शॉ विद्यापीठाकडे याचा अभ्यास सोपवला. त्यातून सात नावे पुढे आली आणि १३ जानेवारी १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ती पदके दिली. सातांपैकी स्वतः उपस्थित राहू शकले ते फक्त व्हर्नन बेकर. बाकी सहा जण हयात नव्हते. २००० मध्ये आशियाई वंशाच्या २२ सैनिकांना अशीच पदके मिळाली. तीही बहुतेक मरणोत्तर.

या प्रकरणांत आणि कॉनर यांच्या प्रकरणात एक मूलभूत फरक आहे. बेकर यांच्या बाबतीत अन्यायाला कारण होते, आणि त्या कारणाला नाव होते : वर्णभेद. त्यामुळे संपूर्ण व्यवस्थेची तपासणी करता आली. कॉनर यांच्यावर कोणी आकस धरला नव्हता. ते गोरे, स्थानिक, अधिकाऱ्यांचे आवडते होते. त्यांच्या बाबतीत जे घडले ते केवळ विस्मरण. पूर्वग्रहाविरुद्ध चळवळ उभी राहते. विस्मरणाविरुद्ध चळवळ उभारायची तर एखादा चिल्टनच भेटावा लागतो. न्याय मिळण्यासाठी कोणीतरी वाटसरू दाराशी यावा लागतो, ही स्थिती समाधानाची नक्कीच नाही. ज्यांच्या घरी असा वाटसरू गेला नाही त्यांचे कागद कोणत्या पेटीत आहेत, हे कोणी पाहिले?

मंडळाने २००० मध्ये दुसऱ्यांदा नकार दिला. बारा-तेरा जणांची समर्थनाची पत्रे जोडलेली असूनही, नवा पुरावा नाही, हे कारण. पत्र म्हणजे मत, आणि मत म्हणजे साक्ष नव्हे. कॉनर यांचे तेव्हाचे बटालियन कमांडर लॉइड रॅम्झी, जे पुढे मेजर जनरल झाले, त्यांचा पाठिंबाही पुरेसा ठरला नाही. चिल्टन मग प्रत्यक्षदर्शींच्या शोधाला लागले. जरा विचार करा : ज्या कामगिरीचे सारे मोठेपण सर्वांच्या पुढे एकट्याने जाण्यात होते, तिला साक्षीदार मागितले जात होते. जे थोडे होते ते ऐंशीच्या घरात होते. पुराव्याची मागणी आणि साक्षीदारांचे आयुष्य यांची ही शर्यत होती. तरीही तीन प्रत्यक्षदर्शी कथने मिळाली. तिसऱ्या बटालियनमधील लेफ्टनंट हॅरल्ड विगेटमन यांच्या कथनानुसार त्या दिवशी बटालियन वाचली ती कॉनर यांच्यामुळे.

ही कथने २००८ मध्ये मंडळापुढे गेली. या वेळी आणखी एक मुदत आडवी आली. २००० च्या निर्णयाविरुद्ध जायचे तर सहा वर्षांत जायला हवे होते, आणि दोन वर्षे उशीर झाला होता. पॉलिन कॉनर न्यायालयात गेल्या. २०१४ मध्ये केंटकीतील संघीय न्यायाधीशांनी कॉनर यांच्या धैर्याची मनापासून प्रशंसा केली आणि कायद्याच्या तांत्रिक मर्यादेवर बोट ठेवून निकाल विरुद्ध दिला. शौर्य निर्विवाद, दाद मात्र नाही. वाङ्मयात आपण शोकात्म उपरोध शिकवतो. त्याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधायला दूर जावे लागणार नाही. अपिलाच्या न्यायालयात मात्र मध्यस्थीचा मार्ग निघाला, प्रकरण पुन्हा मंडळाकडे गेले, आणि २०१५ मध्ये मंडळाने नोंद दुरुस्त करण्याच्या बाजूने कौल दिला. पुढे लष्कर, संरक्षण खाते, काँग्रेस अशा पायऱ्या चढत फाइल राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोचली. २६ जून २०१८ रोजी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ८९ वर्षांच्या पॉलिन कॉनर यांच्या हाती मेडल ऑफ ऑनर दिले.

आता आपल्यासारख्यांच्या दृष्टीने या प्रकरणाकडे पाहू. २४ जानेवारी १९४५ च्या त्या तीन तासांत ७३ वर्षांनी काहीच बदलले नाही. चर तेवढाच उथळ होता, शत्रू तेवढाच जवळ आला होता. बदलला तो मजकूर. पदकाबरोबर जे वाचले जाते, ज्याला लष्करी भाषेत सायटेशन म्हणतात, ते गौरवपत्र हा एक वाङ्मयप्रकारच आहे. त्याची लांबी ठरलेली, शब्दसंपदा ठरलेली, क्रम ठरलेला : स्थळ, काळ, संकट, कृती, परिणाम. अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचला तेव्हा त्याच्याकडे कोणी शपथपत्र मागितले नाही. शाहिराचा शब्द हाच पुरावा होता आणि श्रोत्यांचा स्वीकार हीच मंजुरी. गौरवपत्राला हे स्वातंत्र्य नाही. त्याला एकेका विशेषणासाठी साक्षीदार लागतो. म्हणून ते कोरडे असते. आणि म्हणूनच, पोवाड्याने जे साधत नाही ते त्याला साधते. ‘३० यार्ड पुढे’, ‘पाच यार्डांवर’ हे आकडे वाचताना अंगावर जो काटा येतो तो कोणत्याही उपमेने येत नाही. चिल्टन यांनी बावीस वर्षे जी खटपट केली ती या अर्थाने संपादकाची होती. एका संहितेचे पाठभेद जमवायचे, विश्वासार्ह प्रत ठरवायची, आणि चुकीच्या जागी पडलेले पान योग्य जागी लावायचे. ज्ञानेश्वरीची किंवा लीळाचरित्राची संहिता सिद्ध करण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या संशोधकांचे मोल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे काम परके वाटू नये.

एक प्रश्न तरीही उरतो, आणि तो आम्ही झाकू इच्छित नाही. कॉनर यांना हे सारे हवे होते काय? ते बोलू शकत होते तेव्हा त्यांनी मागितले नाही, आणि त्यांच्यासाठी मागितले गेले तेव्हा ते बोलू शकत नव्हते. त्यांच्या मौनाचा अर्थ विरक्ती असा लावता येईल, तसाच तो जखम असाही लावता येईल. भयंकर स्वप्नांनी जागा होणारा माणूस ती रात्र पुन्हा कागदावर उतरवायला का बसेल? आमच्या मते सन्मान हे केवळ वीराचे येणे नसते, ते समाजाचे देणेही असते. आणि घेणाऱ्याने तगादा लावला नाही म्हणून देणे फिटत नाही. परंतु ते देणे वेळेवर फेडले, तर घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटते ते पाहायला मिळते. बेकर यांच्या बाबतीत अमेरिकेला ते मिळाले. कॉनर यांच्या बाबतीत १९९७ मध्ये ती संधी होती, आणि तेव्हा मंडळाने नकार दिला होता.

वीरगळावर नाव नसते आणि मुदतही नसते. गौरवपत्रावर नाव असते, म्हणून मुदत असते. या दोहोंपैकी एक निवडा असे म्हटले तर विद्यार्थी बहुधा वीरगळ निवडतील, कारण तो सुंदर आहे. ऑल्बनीच्या टेकडीवरच्या दफनभूमीत मात्र गार्लिन कॉनर यांच्या नावापुढे आज कोणते पदक लिहायचे याला अर्थ आहे, कारण ते लिहिता यावे म्हणून एका स्त्रीने सत्तरीपासून नव्वदीपर्यंत आणि एका अनोळखी माणसाने बावीस वर्षे कागद वाहिले. कॉनर दुसऱ्यांसाठी जे करीत आले होते, नेमके तेच.